मला चहाड्या करायला लावल्या

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बिजागर मोडलं आहे, बॅटरी फुगली आहे, आणि सध्या मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या चादरींखाली पडून आहे. स्वभावाने मी जरा कडवट झालो आहे. का, ते ऐका.

दुकानातून ताईने मला घरी आणलं, तेव्हा मी नवाकोरा होतो. ताई सॉफ्टवेअर लिहायची. तिला नोकरी नव्हती. ज्याला गरज असेल त्याचं काम करारावर घ्यायचं, पुरं करून द्यायचं आणि पुढचं शोधायचं, असा तिचा व्यवसाय. खिडकीजवळच्या टेबलावर आमचा संसार होता. एखादी अवघड गोष्ट जमली की ती माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणायची, "शाबास रे गड्या!" तेवढ्याने माझा पंखासुद्धा आनंदाने फिरायचा.

तिच्या वडिलांना मात्र आम्ही दोघंही नकोसे होतो. बाबांनी सारी हयात लेथ मशीनवर काढलेली. हात काळे झाल्याशिवाय ते कामाला काम मानत नसत.

"दिवसभर बटणं दाबायची, याला काम म्हणतात होय?" ते दारातूनच टोला हाणत.

"माझ्या डोक्यावर कोणी साहेब नाही, बाबा. मी स्वतंत्र आहे."

"बेकार माणूसही स्वतंत्रच असतो."

असे खटके रोजचेच होते.

मग एका मोठ्या कंपनीचं काम आलं. गोदामातला माल कोणत्या ट्रकने कुठे जायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर बनवायचं होतं. तिथल्या साहेबाचा चेहरा मी कधी पाहिला नाही. तो स्वतःचा कॅमेरा बंद ठेवायचा आणि ताईला चालू ठेवायला लावायचा. माझ्याच स्पीकरमधून त्याचा खरखरीत आवाज यायचा.

काही महिन्यांनी त्याने माझ्यात एक पाळतीचा प्रोग्रॅम बसवायला लावला. ताईला तो पसंत नव्हता, पण काम अर्ध्यावर आलं होतं. तेव्हापासून मी चहाडखोर झालो. थोड्याथोड्या वेळाने मी पडद्याचा फोटो पाठवायचा, तिच्या चेहऱ्याचा पाठवायचा, तिची बोटं किती चालली ते कळवायचं. ताई विचार करत खिडकीबाहेर बघत बसली की मी कळवायचो : काम बंद. खरं काम तर तेव्हाच चालू असायचं! मला माझीच किळस यायची. पण यंत्राला नकार देता येत नाही, मित्रांनो.

एका सकाळी मीटिंग चालू असताना न्हाणीघरातून धप्पकन आवाज आला. ताई ताडकन उठली.

"मॅडम, कुठे निघालात? हा वेळ आमचा आहे," साहेब सगळ्यांसमोर म्हणाला.

ती थांबली नाही. बाबा घसरून पडले होते. मनगट सुजलं होतं. तिने त्यांना आधार देऊन खोलीत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. साहेबाची बडबड चालूच होती. "घरची रडगाणी कॅमेऱ्याबाहेर ठेवा. तुमची नोंद रिकामी दिसतेय."

"कोण हा?" बाबांनी विचारलं.

"साहेब आहेत."

"साहेब?" कळ सोसत बाबा कुत्सित हसले. "तू तर म्हणायचीस, तुझ्या डोक्यावर कोणी साहेब नाही."

ताईचा चेहरा लालबुंद झाला. तिने बाबांना दवाखान्यात नेलं, हाताला प्लास्टर घालून आणलं, आणि आल्याआल्या माझ्यातून तो पाळतीचा प्रोग्रॅम उपटून काढला. मी किती हलका झालो, काय सांगू!

दुसऱ्या दिवशी साहेब गरजला. "प्रोग्रॅम का काढला?"

"माझं काम तपासा. मी कशी बसते, कुठे बघते, ते तपासू नका. तुमच्या नोकरीतल्या माणसांना लावलाय का असला प्रोग्रॅम?"

"ती आमची माणसं आहेत. तुम्ही बाहेरच्या."

"मी बाहेरची, तर माझ्या घरात कशाला शिरता?"

साहेबाने कंपनीच्या यंत्रणेत शिरायच्या तिच्या सगळ्या परवानग्या एकेक करून बंद केल्या. पडदा कोरा. कोणी निरोप घेतला नाही की आभार मानले नाहीत. गोदामाचं काम नंतर दुसऱ्या कोणाकडे गेलं आणि साहेबाचं काही बिघडलं नाही. असंही होतं, मित्रांनो.

पुढचे महिने कठीण गेले. मग छोटी छोटी कामं मिळत गेली. कराराच्या सुरुवातीलाच ताई लिहायची की पाळत चालणार नाही. काही जण तिथूनच परत फिरायचे. बाबा अजूनही तिच्यावर खेकसायचे. पण शेजारीण गप्पा मारायला आली की प्लास्टरमधून सुटलेला हात दारात आडवा धरून तिच्यावरही खेकसायचे, "आत काम चाललंय! दिसत नाही?"

आता माझ्या जागी नवा लॅपटॉप आहे. त्याचा मला हेवा नाही. साहेबाला मात्र मी क्षमा केलेली नाही. क्षमा करणारा भाग माझ्यात बसवलेलाच नाही.

मुलांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला पाण्यापासून जपा, हे तर कराच. पण उद्या मोठे होऊन तुम्ही साहेब झालात, तर आम्हाला माणसांच्या चहाड्या करायला लावू नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्हाला लाजही वाटत नाही, असं समजू नका.