सूरजचे गोल माझ्या पोटात होते

मित्रांनो, ड्रॉवर उघडलाच आहे तर मला जरा बाहेर काढा. तुटक्या चार्जरांच्या गुंत्यात एक काळा, चपटा, कोपऱ्याला चरा पडलेला डबा दिसतोय ना? तीच मी. हार्ड डिस्क म्हणतात मला. आता मला कुणी विचारत नाही, म्हणून जो ड्रॉवर उघडेल त्याला मी माझी कहाणी ऐकवते. ऐकून घ्या, नाही म्हणू नका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरायची. आणि तिथून मी आले कुठे, तर मंचरला, ऐन रस्त्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात! कपाळ माझं! दिवसभर धूळ आणि ट्रॅक्टरचे हॉर्न. पण दुकानदार मात्र गुणी मिळाला. संघर्ष त्याचं नाव. मोबाइल तर तो दुरुस्त करायचाच, शिवाय जुन्या गेम कन्सोलचं कंपनीनं घातलेलं कुलूप काढून द्यायचा. मग त्या कन्सोलला माझ्यासारखी डिस्क जोडायची, की सगळे गेम माझ्या पोटातून चालायचे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. आमच्या पोटात माल कसा लावायचा आणि काय कुठे ठेवलंय हे कसं लक्षात ठेवायचं, याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. त्यांना फाइल सिस्टिम म्हणतात. फॅट थर्टीटू ही जुनी पद्धत. ती मालाच्या पत्त्यांच्या दोन प्रती ठेवते. एक खराब झाली तर दुसरी हाताशी असते. पण चार जीबीपेक्षा मोठी फाइल तिला घेता येत नाही. एक्सफॅट ही नवी पद्धत. ती कितीही मोठी फाइल गिळते, पण पत्त्यांची प्रत एकच ठेवते. वखारीत बटाट्याच्या गोण्या भरलेल्या आहेत, पण कुणाची कुठली हे सांगणारा एकुलता एक माणूस निघून गेला तर जे होईल, तेच आमचं होतं.

संघर्षला हे पुरतं ठाऊक होतं. त्यानं मला फॅट थर्टीटूत बसवलं आणि आपल्या शाळेतल्या मित्राला दिलं. तो मित्र म्हणजे सूरज. अवसरी बुद्रुकला गावाबाहेर मळ्यात त्यांचं घर आहे. आई मंगल, वडील सोपान आणि हा एकुलता एक.

सूरजला फुटबॉलचं भयंकर वेड. पण आठवीपासून तो चालता चालता पडायला लागला. स्नायूंचा आजार निघाला. आधी पाय गेले आणि खुर्ची आली. मैदान सुटलं तसा तो माझ्या गेममध्ये शिरला. काय खेळायचा पोरगा! त्यानं आपल्याच नावाचा खेळाडू बनवला, लहानशा संघातून वर आणला, कप्तान केला. त्याचा प्रत्येक सामना मी जपून ठेवला, प्रत्येक गोलचं रेकॉर्डिंग ठेवलं. मंगल कौतुकानं शेजारणींना बोलवायची. "बघा की, आमचा सूरज कसा पळतोय," म्हणायची. तेव्हा मला धन्य वाटायचं. खोटं कशाला सांगू?

मग आजार हातांत उतरला. बटणं दाबली जाईनात. सोपा सामनाही हरायला लागला तसा त्यानं खेळणं सोडलं. नुसते जुने गोल लावून बघत बसायचा.

अशात संघर्षनं एक नवा गेम शोधून काढला. त्यात आपण पळायचं नसतं, कोच व्हायचं असतं. दोन बटणांत काम भागतं. शिवाय जुन्या गेममधला आपला खेळाडू नव्यात आणता येतो. म्हणजे सूरज पुन्हा सूरजलाच खेळवणार! त्या दिवशी त्याचा चेहरा असा खुलला, की मंगलनं देवापुढे साखर ठेवली.

पण गेमची फाइल चार जीबीच्या पुढची निघाली. तुकडे करून बघितले तर कन्सोल ते उचलेना. संघर्ष डोकं खाजवत बसला.

"सूरज, एक्सफॅट करावं लागंल राव," तो म्हणाला. "पण ती पद्धत जरा नाजूक हाय. मधीच लाईट गेली तर लई भानगड."

"दुकानात चालवून बघ की दोन दिस," सूरज म्हणाला. "चाललं तर आण."

त्यानं मला दुकानात नेलं, सगळा माल लॅपटॉपवर उतरवला, मला पुसून एक्सफॅटमध्ये बसवलं आणि माल परत भरला. दुकानात गेम झकास चालला. चालणारच! दुकानात इन्व्हर्टर आहे. तिथे लाईट गेलेली मला कधी कळलीही नाही. मग शिनोलीचं एक गिऱ्हाईक घाई करत आलं, लॅपटॉपवर जागा हवी होती. माझ्यात सगळं नीट आहे हे बघून संघर्षनं तिथली प्रत उडवली.

आता मळ्यातल्या लाईटीबद्दल सांगते. तिथे घराची लाईट विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्याच लाइनीवर आहे. मोटारीला लागणारी जोरकस लाईट, म्हणजे थ्री फेज, दिवसातून ठरावीक वेळीच येते, आणि ती येताना आधी सगळं क्षणभर बंद पडतं. मग मोटार आपोआप सुरू होते, कारण सोपाननं ऑटो स्विच बसवलाय. बिबट्याच्या भीतीनं अंधारात मोटारीवर कोण जाणार? घरोघरी तेच आहे. म्हणून थ्री फेजची वेळ झाली की मंगल न चुकता येऊन टीव्ही आणि कन्सोल बंद करायची. गेल्या कित्येक वर्षांत ती एकदाही विसरली नव्हती.

पण त्या आठवड्यात थ्री फेजची वेळ बदलून दुपारची झाली. वायरमनचा निरोप सोपानच्या मोबाइलवर आला होता. त्यानं वाचला, आणि पाणी धरायचं म्हणून वावरात निघून गेला. घरात सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. गेमचा आणि मोटारीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल.

दुपार होती. मंगल शेजारी बटाटे निवडत होती. सूरजनं मोठ्या कष्टानं बटण दाबलं आणि त्याचा खेळाडू जुन्या गेममधून नव्यात यायला लागला. मी पत्ते लिहीत होते. एकच प्रत, आणि तीही अर्धी. तेवढ्यात खटकन सगळं बंद पडलं. लांबून मोटारीचा आवाज आला.

"आगं बया! आत्ता कशी आली?" मंगल ओरडली.

लाईट आली तेव्हा कन्सोलनं मला ओळखलंच नाही.

संघर्षनं मला दुकानात नेऊन नाना उपाय केले. माझ्या पोटातून बिननावाचे तुकडे निघाले. कुठे नुसता प्रेक्षकांचा आवाज, कुठे अर्धं हिरवं मैदान. खेळाडू सापडला नाही, आणि एकही गोल अख्खा निघाला नाही. शेवटी त्यानं हात टेकले आणि मला घेऊन मळ्यात आला.

दारातच मंगलनं गाठलं. "संघर्षा, नवी डिस्क आण बाबा. चांगल्यातली आण. त्याला परत समदं खेळू दे."

संघर्ष खाली बघत म्हणाला, "काकू, डिस्क आजच्या आज आणतो वो. पर त्याची तवाची बोटं कुठनं आणू?"

मंगल पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली. सोपान ओट्यावर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो उठला, चप्पल घातली आणि विनाकारण विहिरीकडे चालू लागला.

आत सूरज खुर्चीत बसला होता. त्यानं रागावायला हवं होतं. मी तर वाट बघत होते की एकदा तरी ओरडेल. पण तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे राव. तू तर बघितलेत ना माझे गोल?"

"बघितलेत म्हंजे! फायनलचा तर कधीच इसरणार न्हाई," संघर्ष घाईघाईनं सांगू लागला. "दोघांना चकवून उजव्या पायानं हाणला व्हतास. थेट कोपऱ्यात!"

मित्रांनो, तो गोल डाव्या पायाचा होता. आणि चकवले होते तिघांना. मला पक्कं माहीत होतं, सूरजलाही माहीत होतं. सूरजनं मित्राच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "हां. तसाच व्हता."

संघर्षची यात चूक नाही. माणसं विसरतात. विसरायचं नाही, हे काम आमचं असतं, आणि तेवढ्यासाठीच तर तुम्ही आम्हाला घरी आणता. म्हणून हात जोडून सांगते, मला हात नसले तरी. आमच्यासाठी पद्धत निवडताना दुकानातली लाईट बघू नका, आम्हाला जिथे राहायचंय त्या घरातली बघा. आणि जे पुन्हा करता येणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच काढून ठेवा.