भूमिदेवाच्या दिव्याचा कौल

तैवानमधल्या शिंचू शहरातल्या आमच्या गल्लीत भूमिदेवाच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. शेवयांचं दुकान बंद करून ताई आडनावाचा आचारी आला होता, चिपच्या कारखान्यातले इंजिनिअर आले होते. बिघडू नये म्हणून यंत्रावर खाऊची हिरवी पुडी ठेवणारी ही मंडळी. त्यांना देव नवा नव्हता.

"पूर्वी लाकडाचे तुकडे टाकून कौल मागायचात," देवळातले लिआव गुरुजी म्हणाले. "आता देव या दिव्याच्या चिपमध्ये उतरलाय. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. लबाडी वाटते? भिंतीवर प्रोग्रॅम लावलाय, वाचा."

सी भाषेतला तो प्रोग्रॅम सगळ्यांनी वाचला होता. प्रश्न आला की नाणेफेक, मग दिवा. तरी गुरुजींना हवा तेव्हा हिरवाच लागे. मग नाणं पाडतं कोण? देवच.

इन्सुलिन सोडून गुरुजींचं अंगाऱ्याचं पाणी घेऊ का, असं आमच्या वडिलांनी त्या दिव्याला विचारलं. हिरवा लागला. हिवाळा संपायच्या आत वडील गेले. माझी बहीण पेइलिंग अंत्यविधीत रडली नाही. म्हणाली, "रडले तर राग निवळेल."

ती भात शिजवायच्या कुकरांच्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहायची. पुढच्या पावसाळ्यात ओल लागून दिवा बंद पडला, आणि देवळाने तो गल्लीतल्या माणसाकडेच, म्हणजे तिच्याकडे दुरुस्तीला दिला.

"नुसती ओल पूस पोरी, आत हात घालू नकोस," गुरुजी म्हणाले.

तिने चिपमधलं सगळं उतरवून घेतलं आणि मला बोलावलं.

"भिंतीवर 'नाणेफेक' हे नुसतं नाव आहे. तिचं पोट असेंब्लीत लिहिलंय, चिपच्या थेट हुकमांत. सी हाक मारतं, असेंब्ली काम करून ठरलेल्या कप्प्यात उत्तर ठेवतं. हे बघ, आधी बुडाशी चुंबक आहे का ते तपासतंय. असलं तर कप्प्यात एक, म्हणजे हिरवा. नसलं तरच खरी नाणेफेक."

"आणि चुंबक?"

"गुरुजीच्या अंगठीत. कौल मागताना हात दिव्याला लावून ठेवतो ना."

"इतक्या इंजिनिअरांना कळलं नाही?"

"असेंब्ली म्हटलं की कंटाळा. वेगासाठी असेल म्हणतात आणि पुढे जातात."

"मग पोलिसांत जाऊ."

"जाऊ. आधी त्याला त्याच्याच देवाचा मार खाऊ दे." तिने त्या ओळीतला एक पुसून शून्य, म्हणजे लाल, लिहिलं आणि दिवा देवळात परत दिला.

भूमिदेवाच्या वाढदिवशी आचारी ताईच्या बायकोने विचारलं, "डायलिसिस थांबवू का?" गुरुजींनी हात टेकवला. लाल. हसून पुन्हा टेकवला. लाल. घाम पुसून तिसऱ्यांदा. लालच.

पेइलिंग पुढे झाली. "आता स्वतःबद्दल विचारा. 'माझी विद्या खरी का?'"

"देवाची थट्टा करतेस?"

"विचारा की," ताई म्हणाला. त्याने गुरुजींचा हात धरून दिव्यापाशी नेला. लाल. पेइलिंगने गुरुजींची अंगठी उतरवून उदबत्त्यांच्या लोखंडी पेटीजवळ धरली. ती टक्कन चिकटली. मग चिपमधला लपवलेला भाग भिंतीवर डकवून तिने ओळ न ओळ समजावली, स्वतः बदललेल्या शून्यासकट.

"पोरी, माफ कर," गुरुजी पुटपुटले. "पोटासाठी केलं."

"माझे वडील जगण्यासाठी आले होते. माफी नाही."

पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. ते हसू बघवत नव्हतं.

इंजिनिअर खाली बघत होते. ती त्यांना म्हणाली, "दाखवलं तेवढं वाचलंत, लपवलेलं देवावर सोडलंत. जे वाचायला मिळत नाही त्याला हात जोडू नका, ते मागून घ्या." मग ताईच्या बायकोकडे वळली. "औषधाचं दिव्याला विचारायचं नसतं, वहिनी. डॉक्टरला विचारा. चला, मी येते बरोबर."