केंब्रिजला चहा घेऊन गेलेला थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. वरून हिरव्या चौकड्यांचा पत्रा, आत काच, तोंडाला बूच. सध्या चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या टेबलावर, एका फुटक्या किटलीच्या शेजारी पडून आहे. येणारे-जाणारे बूच काढून हुंगतात आणि नाक मुरडतात. मुरडोत बापडे! गोड गोड बोलायचं माझं वय आता राहिलं नाही.

माझा जन्म लंडनजवळच्या एका कारखान्यात झाला. पोटातल्या दोन काचांच्या मधली हवा काढून घेतली, तेव्हा जीव नुसता कासावीस झाला. पण त्यामुळेच माझ्यातला चहा तासन्‌तास गरम राहतो, हे पुढे कळलं. केटरिंग गावातल्या बुटांच्या कारखान्यात आर्नल्ड टेबट चामडं कापायचा. त्याच्या लग्नात सोबत्यांनी मला भेट दिलं. पुढे कित्येक वर्षं मी रोज त्याच्याबरोबर कामाला गेलो, उन्हाळ्यात समुद्रावर गेलो. विकतचा चहा पिणं म्हणजे त्याच्या बायकोला, हिल्डाला, पाप वाटे. "आमच्या थर्मासला तोड नाही हं!" असं ती शेजारणींना ऐकवायची, आणि मी फुशारून जायचो.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा कीथ शिकायला केंब्रिजला गेला. आमच्या गल्लीतून तिथवर पोचलेला तो पहिलाच. हिल्डाला आकाश ठेंगणं झालं. तिची इच्छा एवढीच होती, की एकदा जाऊन पोराची खोली बघावी. कुठे झोपतो, कुठल्या खिडकीशी बसून वाचतो, ते डोळ्यांनी पाहावं, बस्स.

दर रविवारी जेवणानंतर टेबलावर बेत रचला जाई. बस कुठे बदलायची, अंड्याची सँडविचं न्यायची की हॅमची, पाऊस आला तर काय करायचं. मी फडताळातून ऐकत असे. पण नाताळला कीथ घरी आला, तो पार बदलूनच. आम्ही कामगार माणसं दुपारच्या जेवणाला 'डिनर' म्हणतो; तो बड्या लोकांसारखं 'लंच' म्हणू लागला होता.

"आम्ही येऊ का रे एक दिवस?" हिल्डानं विचारलं.

"आत्ता नको, आई. थंडी फार असते. पुढच्या टर्मला या."

पुढच्या टर्मला त्याला नौका शर्यती होत्या. त्याच्या पुढच्या टर्मला आणखी काही. प्रत्येक वेळी आर्नल्ड मान डोलवायचा, "असू दे. त्याला कशाला अडचणीत टाका?" कुणाला अडचणीत टाकायचं नाही, ही या लोकांची देवपूजाच.

असं करता करता तिसरं वर्ष संपत आलं. हिल्डानं नवी हॅट घेतली आणि एका सकाळी मला काठोकाठ भरलं. "त्याला कळवायचंच नाही. आपण कॉलेज बघायला आलेल्या प्रवाशांसारखं आत जाऊ, अंगणातून खिडकी बघू आणि परत येऊ," ती म्हणाली. मित्रांनो, तीन वर्षं बेत केला, पण परीक्षांच्या दिवसांत तिथली कॉलेजं बाहेरच्यांना बंद असतात, हे या भाबड्या जिवांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा तरी कोण? एकच होता, आणि तो गप्प होता.

फाटकावर पाटी लागलेली. गोल टोपीवाला दरवान मात्र भला माणूस होता. "बाहेरच्यांना आज बंद आहे, साहेब," तो म्हणाला. "आतल्या कुणाचे नातेवाईक आहात का? नाव सांगा, आत्ता बोलावतो."

हिल्डानं आर्नल्डची बाही धरली. एक नाव उच्चारायचं होतं, बस्स!

"छे छे," आर्नल्ड घाईघाईनं म्हणाला, "आम्ही आपले असेच फिरायला आलोय."

ते नदीकाठी जाऊन बसले. हिल्डानं मला उघडलं. तेवढ्यात एक सपाट होडी आली. मागे होडी रेटायचा लांब बांबू घेऊन कीथ उभा होता, आणि पुढे उशांना टेकून एक मुलगी बसली होती.

"अय्या, ती हॅट बघ ना!" मुलगी खिदळली. "आणि चहासुद्धा घरूनच आणलाय!"

कीथनं पाहिलं. माझ्या हिरव्या चौकड्या तो लहानपणापासून ओळखत होता. हिल्डाचा हात अर्धा वर गेला होता. कीथनं तोंड फिरवलं आणि बांबू जोरात रेटला. हिल्डानं तोच हात हॅटकडे नेला आणि नीट बसलेली हॅट उगाच नीट केली. माझ्या पोटात कढत चहा होता, पण त्या घटकेला मला माझीच लाज वाटली.

"घे, गरम आहे तोवर पी," आर्नल्ड म्हणाला. परतीच्या बसमध्ये दोघं एवढंच बोलले, की ऊन छान पडलं होतं.

पदवीदानाला कीथनं दोन जागा राखून ठेवल्या होत्या. आर्नल्डची नेमकी कंबर धरली, आणि दोघंही घरीच राहिले. मला मात्र त्यानंतर कुणी भरलं नाही. जिन्याखालच्या फडताळात माझं बूच कुजलं.

मागच्या महिन्यात आर्नल्ड गेला. घर आवरायला कीथ आणि त्याची बायको फिलिपा आले. होडीतली तीच ती. तिनं मला बाहेर काढलं. "हा ठेवायचाय का हो, आई?"

कीथला हुंदका आला. "तीन वर्षं मी तिथे होतो. बाबा एकदाही आले नाहीत. पदवीच्या दिवशीसुद्धा नाही!"

हिल्डा बशा पुसत होती. "आलो होतो की रे," ती म्हणाली. "नदीकाठी बसून चहा प्यायलो आणि परत फिरलो."

"अगंबाई, कधी?" फिलिपानं विचारलं.

कीथनं विचारलं नाही. त्यानं तिच्या हातातून मला घेतलं आणि चर्चला द्यायच्या खोक्यात, अगदी तळाशी ठेवलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. काचच ती, आज ना उद्या फुटायची. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, चार नव्या माणसांत बसाल, आणि समोरून तुमची आई येईल, जुन्या चालीची, घरचा डबा घेऊन. तिचा हात वर गेला, तर तो तिला हॅटकडे न्यायला लावू नका.