वळसंग शाखेचा आकडा

बँकेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली. यंदा आमच्या सहकारी बँकेने वार्षिक अहवालासाठी लेख मागितला, तेव्हा घाबरत घाबरत मी 'बौद्धिक भांडवल' हा विषय कळवला. कर्मचाऱ्यांच्या डोक्यात जे असतं ते ताळेबंदात कुठेच दिसत नाही, पण बँकेचा नफा त्यावरच उभा असतो, एवढंच मला दाखवायचं होतं.

लिहिताना डोळ्यांसमोर संगप्पा होता. वळसंग शाखेतला क्लार्क, सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत. कुणाची बोअर आटली, कुणाच्या घरी लग्न ठरलं, कोण हप्ता बुडवणार नाही, सगळं त्याला ठाऊक. मी तिथे मॅनेजर असताना त्याच्या शब्दावर दिलेलं एकही कर्ज थकलं नव्हतं.

पण हे मोजायचं कसं? व्यवस्थापनाच्या एका पुस्तकात रीत सापडली. पगारावर खर्च झालेल्या प्रत्येक रुपयामागे शाखा किती मिळवते, ते काढायचं. नऊ शाखांचा तक्ता केला. वळसंग तळाला आली. मला खटकलं, पण पुस्तकापुढे आपलं खटकणं ते काय, असं वाटून मी तक्ता तसाच ठेवला आणि संगप्पावर दोन परिच्छेद लिहिले. जागेअभावी परिच्छेद गाळले गेले. तक्ता छापला.

मे महिन्यात संचालकांच्या बैठकीला बोलावणं आलं. नव्या सीईओंनी उठून मला खुर्ची दिली.

"सर, आम्ही सल्लागाराला दहा लाख देणार होतो. तुम्ही फुकटात काम केलंत की!"

सगळे हसले. समोर पडद्यावर माझा तक्ता होता. वळसंग शाखा बंद, खाती होटगी शाखेला. बाकीच्या दोघांची बदली, संगप्पाला स्वेच्छानिवृत्ती.

शेजारी अक्कलकोट रोड एमआयडीसी शाखेच्या मॅनेजर दानेश्वरीबाई बसल्या होत्या. तक्त्यात त्या पहिल्या.

"पेढा घ्या सर," त्या कुजबुजल्या. "आमचं काय, वळसंगची पोरं टॉवेलच्या कारखान्यांत येतात, येताना संगप्पाने भरलेले फॉर्म घेऊन येतात. जामीनसुद्धा तोच शोधून देतो. पगार एमआयडीसीतला, म्हणून खाती आमच्याकडे, कर्जंही आमच्याकडे."

पेढा माझ्या हातातच राहिला. संगप्पाचा पगार मी वळसंगला धरला होता आणि त्याची कमाई एमआयडीसीला. चूक पुस्तकाची नव्हती.

"सर, काही सांगायचंय?" सीईओंनी विचारलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत मला असं कुणी विचारलं नव्हतं.

"तो तक्ता जरा..."

"जरा?"

"जरा मोठ्या अक्षरात हवा होता."

पुन्हा सगळे हसले. ठराव मंजूर झाला.

जूनमध्ये संगप्पा घरी आला. बायकोने केलेल्या शेंगाचटणीचा डबा टेबलावर ठेवून खुर्चीच्या कडेवर बसला.

"मल्लव्वानं दिलीया. सर, तुमी पुस्तकवाली माणसं. येवढंच सांगा, मी कमी कुटं पडलो?"

"तुम्ही कमी पडला नाहीत, संगप्पा."

"मग काडलं कशापायी? गावात म्हनत्यात, संगप्पानं काय तरी खाल्लं असंल. परवा मल्लव्वानंबी इचारलं. तिनं इचारलं, सर."

अहवाल त्या डब्याखालीच होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं.

"हिशोबाची एक पद्धत असते," मी म्हणालो.

"व्हय?" तो उठला. "पद्धत असंल तर मग काय बोलायचं." मी अडवायच्या आत त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला.

तो गेल्यावर मी आकडा पुन्हा काढला. वळसंग दुसरी येते. चार वेळा तपासलं. पत्र लिहून पाकिटात घातलं, वर सीईओंचं नाव घातलं, तिकीटही लावलं. वळसंग शाखेची पाटी उतरून आता दोन महिने झाले. पाकीट अहवालातच आहे, त्या तक्त्याच्या पानावर.