जागरणातली झोप

मंजुळाबाईने नवऱ्याचा खांदा धरून गदागदा हलवला.

"अवो, उठा की! जागरण घालून सोताच निजताय व्हय?"

मल्हारी दचकून जागा झाला. मांडवात वाघ्याची दिमडी कडाडत होती, मुरळी घंटा हलवत खंडोबाचं पद म्हणत होती, आणि एवढ्या कल्लोळात यजमान खांबाला टेकून चक्क घोरत होता. शेजारचा सांडू ओरडला, "देवाला जागं ठिवून आबा निजले बघा!" सगळा मांडव खदखदला. मंजुळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे जागरण तिनेच हट्टाने घातलं होतं. दीड वर्ष झालं, मल्हारीची झोप उडाली होती. रात्रभर त्याची बाज कुरकुरायची आणि दिवसा वेरूळकडच्या माळावर मेंढरांमागे तो उभ्या-उभ्या पेंगायचा. अशीच एकदा डुलकी लागली, कळप कोवळ्या ज्वारीत शिरला आणि ते विषारी पोंगे खाऊन अकरा मेंढ्या तडफडून मेल्या. तेव्हापासून तो तान्ह्या नातीलाही मांडीवर घेईना. न जाणो, डोळा लागायचा आणि पोर हातातून निसटायची. मुलगा खंडेराव दवाखान्यात चला म्हणत होता. पण त्याच्या लग्नातलं जागरण राहून गेलं होतं, म्हणून देवच यांना जागं ठेवतोय, असं मंजुळाबाईच्या मनाने पक्कं घेतलं होतं.

मग देवाचं काही उणं राहू नये म्हणून पहाटेपर्यंत तिने त्याला पाठ टेकू दिली नाही. दोनदा तोंडावर पाणी मारलं. तोही बिचारा मुकाट्याने ताठ बसून राहिला.

सकाळी मंडळी पांगली. तिने लिंबाच्या सावलीत वाकळ अंथरली.

"निजा आता निवांत. देवाचं फिटलं."

तो आडवा झाला. दुपार कलली तरी डोळे टक्क उघडेच होते. पुढच्या रात्रीही तेच.

आठ दिवसांनी खंडेरावाने दोघांना संभाजीनगरला डॉक्टरांकडे नेलं.

"दीड वर्षात एकदाही गाढ झोप लागली नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागली की," मल्हारी म्हणाला. "जागरणात. लई ग्वाड झोप व्हती."

"मग जाग कशाने आली?"

आपणच सांगून टाकावं म्हणून मंजुळाबाई पुढे सरकली. मल्हारीने एकवार तिच्याकडे पाहिलं.

"उजाडलं ना, सायेब," तो म्हणाला.