दुसरा ब्रेक

लेकीने इंडिकेटर न देताच गाडी वळवली आणि तिरक्या नजरेने शेजारी बसलेल्या आईच्या पायाकडे पाहिलं. पाय जागचा हलला नाही. मागच्या सीटवर तपासण्यांची फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या बाबांनी सुस्कारा सोडला.

गाडी आईच्या ड्रायव्हिंग स्कूलची होती. शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक होता आणि त्या ब्रेकवर पाय ठेवून आईने आयुष्य काढलं होतं. शिकणारी मंडळी तोंडावर तिला 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'ब्रेकबाई'. बसमध्ये बसली तरी वळणावर तिचा पाय आपोआप दाबला जाई. घरच्यांना तर तिने सळो की पळो करून सोडलं होतं.

"अगं, गाडी मी चालवतोय की तू?" बाबा वैतागून म्हणत.

"तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा," हे तिचं ठरलेलं उत्तर.

पोटातली गाठ कॅन्सरची निघाली, तीही पसरू लागलेली, आणि तिची ही बडबड थांबली. डॉक्टर म्हणत होते, औषध लागू पडतंय, धीर सोडू नका. घरात ती हसायची, पाणचट सूप नाक मुरडत का होईना प्यायची. पण गाडीत बसली की हात मांडीवर ठेवून काचेबाहेर बघत राहायची. कुणी कितीही चुको, चकार शब्द नाही. ती शांतता बापलेकीला खायला उठायची. हिने मनातून हाय खाल्ली, असं दोघांनी आपापलं ठरवलं आणि एकमेकांना न सांगता दोघंही मुद्दाम वाईट गाडी चालवू लागले.

परवा रक्त तपासायला जाताना बाबांनी हॅन्डब्रेक न सोडताच गाडी दामटली. जळका वास सुटला.

"कुणीतरी कचरा जाळतंय वाटतं," आई म्हणाली. बस्स, एवढंच.

आज केमोचा दिवस. लेकीने आडवी-तिडवी गाडी हाणली, गिअर खरखरवले. आईने फक्त ओढणी सारखी केली. सैल झालेली अंगठी तिने मधल्या बोटात घातली होती. लेकीची नजर त्या बोटावर पडली आणि तिथेच अडकली.

खाडकन गाडी थांबली. इंजिन बंद पडलं, फाइलमधले कागद बाबांच्या पायाशी सांडले. समोर हातभर अंतरावर एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून उभे होते. ते रागाने बघत, पुटपुटत पलीकडे गेले. लेकीचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

"डोळे कुठे होते तुझे?" आई कडाडली.

"तुझ्याकडे."

"मी काय रस्त्यात उभी होते?"

लेकीला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं.

"बोलली गं बाई," बाबा मागून हळूच म्हणाले.

"नाही तर काय करू? इतके दिवस तुमची दोघांची नाटकं बघतेय. हॅन्डब्रेक ओढून म्हणे गाडी चालवतात! मला कळत नाही होय? पण आत्ताची चूक खरी होती."

"मग बोलत का नव्हतीस?" लेकीने नाक पुसत विचारलं.

आईने बोटातली अंगठी फिरवली.

"बघत होते," ती म्हणाली, "शेजारी कुणी नसलं, तर जमतं का तुम्हाला."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. आईने वळून आधी त्यांच्याकडे आणि मग लेकीकडे नीट निरखून पाहिलं.

"दोघंही नापास," ती म्हणाली. "म्हणजे इतक्यात काही माझी सुटका नाही. चल, आरसा बघ. इंडिकेटर दे."

लेकीने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आई ओरडत होती आणि तिचा पाय ब्रेकवरच होता.