कापलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. मला माणसासारखे दोन रबरी कान आहेत. तोंड मात्र नाही. म्हणून आयुष्यभर मी फक्त ऐकत आलो. आज पहिल्यांदाच बोलतो आहे.

एका लहानशा कारखान्यात एका कारागिराने साच्यात रबर ओतून माझे कान घडवले. साचा त्याने स्वतःच्याच कानांवरून घेतला होता. माझ्या डाव्या पाळीवर त्याच्या लहानपणच्या जखमेचा वण अजून आहे. डावीकडचा आवाज ऐकणाऱ्याच्या डाव्या कानात आणि उजवीकडचा उजव्या कानात, अगदी खराखुरा पोचवायचा, हे माझं काम.

तिथून मी फिनलंडमधल्या राउमा गावी तूलियाकडे आलो. तिने मला कोटांच्या कपाटात ठेवलं, कारण लोकरीचे जाड कोट घुमणारा आवाज गिळून टाकतात. त्या कपाटात बसून ती माझ्याशी कुजबुजायची, मऊ कुंचला माझ्या कानांवरून फिरवायची. अशा हळुवार आवाजांना एएसएमआर म्हणतात. ते ऐकताना काहींच्या टाळूपासून मानेपर्यंत गोड शिरशिरी उतरते, नाडी संथ होते, मन निवतं.

तिची आई इर्मेली दाराशी उभी राहून म्हणायची, "कोटांना गावातल्या कागाळ्या सांगतेस वाटतं?"

"तू ये ना आत. तुझ्या कांड्या घेऊन ये," तूलिया म्हणायची.

इर्मेली लेस विणायची. राउमातल्या कितीतरी बायका विणतात. उशीवर टाचण्या रोवायच्या आणि दोऱ्याच्या लाकडी कांड्या एकमेकींवरून फिरवायच्या. टिक, टिक, टिक. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मलाच वाटलं की आपण याचसाठी जन्मलो.

लोकांनाही तसंच वाटलं. पत्रं येऊ लागली. एका बसचालकाने लिहिलं, "वर्षभरात पहिल्यांदा सलग झोपलो. माझ्या बायकोला मात्र काहीच होत नाही, ती म्हणते सुतारकाम चाललंय." गुडघेदुखीने बेजार झालेल्या एका बाईने लिहिलं, "दुखणं जात नाही, पण तेवढा वेळ त्याचा विसर पडतो." तूलिया ती पत्रं आईला वाचून दाखवायची आणि इर्मेली म्हणायची, "चाळीस वर्षं विणलं, तेव्हा कुणी कौतुक केलं नाही. आता आवाजाचं कौतुक."

ते माझे सुखाचे दिवस होते.

तिसऱ्या शरद ऋतूत टिक-टिकच्या मध्ये मला आणखी एक आवाज ऐकू येऊ लागला. इर्मेलीच्या श्वासात बारीक शीळ होती. संगणकाच्या पडद्यावर ती लहानशा उंचवट्यासारखी दिसायची. तूलिया तेवढा तुकडा कापून टाकायची. या कामातली रीतच ती. श्वास, खोकला, खुर्चीची करकर, सगळं कापायचं. उरतो तो स्वच्छ आवाज. आधी दोन-तीन तुकडे कापावे लागत. हिवाळ्यात कापता कापता अख्खी दुपार जाऊ लागली.

"आई, जरा हळू श्वास घे ना."

"हळू कसा घेतात? तू शिकव. तुला सगळं हळू करता येतं."

दोघी हसल्या. मी नाही हसलो.

पुढे इर्मेली सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीत, वरच्या फळीवर बसेनाशी झाली. "वर वाफ फार," म्हणाली. जिना चढून आली की आधी भिंतीला टेकायची. दुपारी कॉफीनंतर ती स्वतःच तूलियाची कुजबुज कानाला लावून पडायची. "दहा मिनिटं ऐकलं की छाती हलकी होते. डॉक्टरला कशाला त्रास द्यायचा?"

खरंच तिला हलकं वाटायचं, मित्रांनो. तेच तर घातक ठरलं. तूलियाला वाटलं, आपला आवाज आईला बरं करतो आहे. ती अभिमानाने श्रोत्यांनाही तसं सांगायची. मी सगळं ऐकत होतो, पण मला तोंड नव्हतं.

एप्रिलमध्ये इर्मेली जिन्यातच बसली आणि तिला उठताच येईना. रुग्णवाहिका आली. तीन दिवसांनी तूलिया एकटीच कपाटात येऊन बसली आणि कोटांना सांगावं तसं बोलू लागली. "डॉक्टरांनी विचारलं, श्वासात शीळ कधीपासून आहे? मी म्हटलं, माहीत नाही. हृदय थकलंय, छातीत पाणी साठलंय म्हणाले. शरदातच आणलं असतं, तर औषधांवर काही वर्षं निघाली असती." मग तिने आईचा जुना कोट तोंडाशी धरला. "माहीत होतं मला. मी रोज कापत होते."

मे महिन्यात इर्मेली गेली.

कापलेले श्वास परत मिळाले नाहीत. जागा पुरावी म्हणून मूळ ध्वनिमुद्रणं पुसलेली होती. फक्त शेवटचं एक कापायचं राहिलं होतं. तूलियाने ते जसंच्या तसं लोकांपुढे ठेवलं. त्याच्या आरंभी ती कुजबुजली नाही, मोकळ्या आवाजात बोलली. "याने मन शांत होतं. आजार बरा होत नाही. दम लागत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा."

कुणीतरी लिहिलं, "छान आहे, पण मागे कसली तरी शीळ येते. ती काढून टाका."

तूलियाने उत्तर दिलं, "ती माझी आई आहे."

त्यानंतर तिने मला खोक्यात घालून त्याच कपाटात ठेवलं. चार वर्षं झाली. माझा उजवा कान तडकला आहे, आणि कोटांना कसर लागल्याचा बारीक आवाज मी ऐकतो.

मित्रांनो, गोड आवाज ऐका, थकला असाल तर त्याच्या कुशीत विसावा घ्या. त्यात काही वाईट नाही. पण कधीतरी कानांवरचं सगळं काढून ठेवा आणि घरातलं माणूस जिना चढून येईल तेव्हा त्याचा श्वास ऐका. त्यात काही वेगळं ऐकू आलं, तर त्याच दिवशी त्याला विचारा. मला ऐकू येत होतं, पण विचारता येत नव्हतं. तुम्हाला दोन्ही येतं.